तुला वाईट वाटू नये म्हणून...

"तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. मला काय झेपेल आणि काय नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? वाटलंच वाईट, तर माझं मी बघून घेईन ना! माझा पडलेला चेहरा समोर बसून बघायची तुमची तयारी नसते, एवढंच खरं. स्वतःचा भित्रेपणा माझी काळजी म्हणून माझ्याच गळ्यात मारू नका.

साधं 'नाही' म्हणता येत नाही लोकांना. "बघतो." "कळवतो." "भेटूया नक्की." जमवायचं नाही हे बोलतानाच ठरलेलं असतं. "निघालोय, पोहोचतोच" म्हणणाऱ्याच्या मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, म्हणजे अंघोळही व्हायचीय अजून. आणि इकडे आपण आवरून, चपला घालून ताटकळत बसलेलो. व्हॉट्सॲपवर २०१४ मध्ये निळ्या टिका आल्या, तर कित्येकांनी आधी काय शोधलं? त्या बंद कशा करायच्या! "अगं, मेसेज बघितलाच नाही" म्हणायची सोय राहायला हवी ना.

याच्या उलटे ते 'मी बाई स्पष्ट बोलते' वाले. दुसऱ्याच्या वजनावर, रंगावर, लग्नावर फार स्पष्ट. स्वतःबद्दल एक अक्षर खरं विचारा, लगेच विषय बदलतात.

श्रद्धेच्या बाबतीत तर कहरच. माझा आता देवावर विश्वास उरलेला नाही, हे मी घरात शांतपणे सांगितलं, तेव्हा एका ज्येष्ठ नातेवाइकांनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "माझाही नाहीये गं. पण बोलायचं नसतं." चला, निदान एक तरी माणूस खरं बोललं, असं वाटलं मला. पुढे घरात आजारपण आलं, तेव्हा हेच गृहस्थ चारचौघांत आजारी बाईला सुनावत होते, "तुझी श्रद्धा कमी पडतेय." ती बिचारी तापापेक्षा त्या अपराधानेच जास्त खचली. मनापासून मानणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. शंका येतात तरी प्रार्थना करते, असं म्हणणारीबद्दल तर जास्तच. पण स्वतःला पटत नाही ते दुसऱ्यावर लादायचं, हा कुठला धर्म?

आणि प्रेम. बेला डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ च्या अभ्यासात लोकांना आपल्या खोट्याची रोज डायरी ठेवायला सांगितली होती. विद्यार्थ्यांचं खोटं निघालं दिवसाला सरासरी दोनदा, इतरांचं एकदा. ते मी समजू शकते. पण त्यांच्याच २००४ च्या अभ्यासात दिसलं, की गंभीर खोटं बहुतेक वेळा अगदी जवळच्याच माणसांमध्ये बोललं जातं. वाचून नवल वाटलं नाही, संताप आला.

कारण माझ्याशी नातं संपवायचंय हे त्याने त्याच्या मित्रांना कधीच सांगून टाकलं होतं. मला मात्र "काही नाही गं, कामाचा ताण आहे." त्याच काळात मला दुसऱ्या शहरातून नोकरी आली होती. मी त्याला विचारलं, काय करू? म्हणाला, "नको जाऊस, आपलं काय?" मी नाही कळवून टाकलं. पुढच्या सुट्टीतल्या प्रवासाच्या तारखासुद्धा त्यानेच निवडल्या, माझ्या शेजारी बसून, कॅलेंडर उघडून. माझी नोकरी गेली, माझा निर्णय गेला, आणि याने म्हणे मला दुखावलं नाही!

वर लोक मलाच विचारतात, "तुला आधी कळलं कसं नाही?" कसं कळणार? खोटं ओळखण्याबद्दलच्या कितीतरी प्रयोगांचा २००६ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणं उडवलं तरी जवळपास तेवढंच! आणि मी तर त्याला पकडायला बसलेच नव्हते. मी विश्वास ठेवून बसले होते. जाब त्याला विचारा की, मला का विचारता?

परवा त्याचा मेसेज आला. "मी तुझ्याशी खोटं कधीच बोललो नाही. फक्त सांगितलं नाही."

अरे, मग त्या तारखा कोणी निवडल्या होत्या?