मोगऱ्याची डांबरगोळी कशी झाली: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय.)

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की नव्या मोगरा अत्तराचा थेंब मनगटावर लावला, सुरुवातीला ताजा गजरा हातात धरल्यासारखं वाटलं आणि दोन तासांनी कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास यायला लागला. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, प्रत्येकाच्या स्किनचा पीएच वेगळा असतो." ते वाक्य मी जसंच्या तसं लेखात घातलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ही खोटा माल खपवायची जुनी युक्ती आहे, खरं अत्तर अंगावर बदलतच नाही, बदलतात ते अल्कोहोलवाले सेंट, तुम्ही चाळीस वर्षं उन्हाळ्यात कानात वाळ्याचा फाया ठेवताय, तो सकाळी जसा तसाच रात्री. आणि जाता जाता, "चार कुप्या विकत घेऊन लिहायला बसण्याआधी नाक तयार करावं."

शेवटचं वाक्य झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळेच दोन दिवस घरात थोडी खटपट केली, तेव्हा राग सत्कारणी लागला म्हणायचा.

पीएचच्या बाबतीत तुमचं पूर्ण बरोबर आहे आणि माझी चूक आहे. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, आणि तो मोजायचा पाण्यात विरघळलेल्या गोष्टींचा. तेलाच्या थेंबाला पीएच नसतो. त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, साधारण 4.5 ते 6 च्या आसपास, आणि माणसामाणसांत तो थोडाफार बदलतो हेही खरं. पण अत्तरातले बहुतेक सुगंधी घटक ना आम्ल ना अल्कली. तेवढ्याशा फरकानं त्यांना काही होत नाही. दुकानदाराचं वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटलं, म्हणून मी तपासलं नाही. मूळ लेखातून ते आज काढून टाकलं आहे.

आता खटपटीचं सांगते. तोच मोगरा, त्याच कुपीतला, एकाच वेळी चार ठिकाणी लावला: टिपकागदाची पट्टी, कापसाचा फाया, माझं मनगट आणि सासूबाईंचं मनगट. (त्यांनी "मला या वयात मोगरा कशाला" असं म्हणत हात लगेच पुढे केला.) दर अर्ध्या तासाला वास घेतला. माझ्या मनगटावर दोन तासांत डांबरगोळी हजर. सासूबाईंची त्वचा कोरडी. तिथे ती दीड तासातच आली आणि थोड्या वेळानं सगळंच पुसट झालं. टिपकागदावर ती रात्री जेवणं उरकल्यावर आली. फाया दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गोड होता, मग तोही तिथेच पोचला.

म्हणजे वास चारही ठिकाणी बदलला. कागदाला ना घाम ना पीएच, तरी त्यानं तोच रस्ता धरला, फक्त सावकाश. माझ्या लेखात मी सगळं त्वचेवर ढकललं होतं, ते चुकलं. आणि तुम्ही सगळं भेसळीवर ढकलताय, तेही मला पटत नाही. बदल हा त्या अत्तराच्या घडणीतलाच आहे. त्वचा त्याचा वेग वाढवते.

कारण साधं आहे. मोगऱ्याचा वास म्हणजे एक पदार्थ नाही, ते एक कुटुंब आहे. त्यात बेन्झिल ॲसिटेट आहे, त्याचा वास गोड, फळासारखा, थोडा पिकल्या केळ्याकडे झुकणारा. लिनालूल आहे, हलकं आणि टवटवीत. आणि इंडोल आहे. हे इंडोल अगदी थोडं असलं तर फुलाला जिवंतपणा देतं. जास्त झालं की डांबरगोळी. आणखी जास्त झालं की कसला वास येतो ते इथे लिहीत नाही. हवेत उडून जाण्याची प्रत्येकाची घाई वेगळी. लिनालूलचा उत्कलनबिंदू 198 अंश, बेन्झिल ॲसिटेटचा 213, इंडोलचा 254 च्या जवळ. अंगावर काही उकळत नाही, पण कोण आधी उठून जाणार याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. गोड पाहुणे आधी गेले, इंडोल मागे राहिलं. मनगटाची त्वचा 32-33 अंशांवर असते, खोलीतल्या कागदापेक्षा बहुतेक वेळा गरम, म्हणून तिथे पंगत लवकर उठली.

आणि काका, हे इंडोल कारखान्यातून आलेलं असेलच असं नाही, खऱ्या फुलातही ते असतं. रात्री माळलेला गजरा सकाळी उशीवर तपकिरी पडून असतो, तो कधी नाकाजवळ नेलाय? आई तो लगेच उचलून तुळशीत टाकायची, तरी खोलीत तो जड, कोंदट वास रेंगाळायचाच. माझ्या मनगटावरचा वास त्याच घराण्यातला होता. तेव्हा डांबरगोळीचा वास आला एवढ्यावरून माल खोटा ठरत नाही. खराही ठरत नाही, कारण कृत्रिम मोगऱ्यातही इंडोल घालतातच.

तरीही माझी कुपी अस्सल नव्हती, हे मी कबूल करते. पण पुरावा वेगळा आहे, आणि तो तुमच्या मूळ दाव्याच्या उलटा जातो.

पारंपरिक अत्तर कसं होतं ते तुम्हाला माहीत असेल. नव्या वाचकांसाठी सांगते. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या देगेत (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीनं लिंपतात, खाली चूल पेटवतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) भपक्यात, म्हणजे ती जमा करायच्या भांड्यात उतरते. भपका पाण्यात बुडवून गार ठेवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. वाफेचं तिथे पाणी होतं, सुगंध चंदनतेल धरून ठेवतं, खालचं पाणी काढून पुन्हा देगेत ओततात, नवी फुलं घालतात आणि असं कित्येक दिवस चालतं. म्हणजे मोगऱ्याच्या खऱ्या अत्तरात मोगरा हा पाहुणा आणि चंदन हे घर. चंदनातलं सँटालॉल 300 अंशांच्या वर उकळतं, ते दिवसभर जागचं हलत नाही.

मग सकाळी लावलेल्या अशा अत्तराचं संध्याकाळी काय व्हायला हवं? मोगरा विरत जाणार आणि खालून चंदन वर येणार. जाणकार लोक याचीच वाट बघतात. सकाळी मोगरा आणि रात्रीही तितकाच मोगरा, असं एखादं अत्तर राहिलं तर उलट मला शंका येईल, की यात काहीतरी चिकटून बसणारं मुद्दाम घातलंय. माझ्या कुपीत मोगरा गेल्यावर खाली काहीच नव्हतं. चंदन महागलं तसे बरेच जण लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी या रसायनासारखं बिनवासाचं तेल वापरायला लागले. तोळ्याला तीनशे रुपये मोजून मी चंदनाची अपेक्षा ठेवणं हाही एक विनोदच. तर इंडोलला सांभाळून घ्यायला कुणी नव्हतं, ते उघडं पडलं. माझी तक्रार असायला हवी होती ती या शेवटाबद्दल. वास बदलला याबद्दल नव्हे.

अल्कोहोलबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, अंगावरून मिनिटाभरात उडतं आणि जाताना हलके वास झपकन वर फेकतं. अत्तराला तो पहिला भपकारा नसतो, त्यामुळे बदल हळू होतो, लक्षात येत नाही. पण होतोच.

आता तुमचा वाळा. तुम्ही म्हणताय तो बदलत नाही, आणि माझा तुमच्या नाकावर पूर्ण विश्वास आहे. पण वाळा म्हणजे मुळं. त्या मुळांच्या तेलात उडून जाणारे हलके घटक फारसे नसतातच. जवळजवळ सगळे रेणू जड, एकाच चालीनं चालणारे. जे आहे ते सगळं मिळून सावकाश कमी होतं, म्हणून वास ओसरतो पण चेहरा बदलत नाही. वर तुम्ही तो अंगाला लावतच नाही, कापसाचा फाया करून कानाच्या पाळीवरच्या घडीत ठेवता. माझ्या चार ठिकाणांपैकी सगळ्यात संथ ठिकाण फायाच होतं. चाळीस वर्षं तुम्ही सगळ्यात स्थिर अत्तर सगळ्यात स्थिर जागी ठेवलंत. त्यावरून मोगऱ्याला नियम लावणं म्हणजे बोरिवलीच्या लोकलवरून घाटातल्या एसटीचं वेळापत्रक ठरवणं.

शिवाय आपलं नाक. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. तुमचा फाया कानाशी, म्हणजे नाकाच्या शेजारीच. दिवसभरातल्या लहानसहान बदलांची बातमी तुमच्यापर्यंत पोचतच नसेल. तुमच्यासमोर बसणाऱ्याला विचारून बघा.

आणखी दोघांनी खाली विचारलंय, मनगटं एकमेकांवर घासली तर अत्तर "तुटतं" का? नाही हो. घासल्यानं रेणू मोडत नाहीत. थेंब पसरतो, ऊब मिळते, हलके वास लवकर उडतात, एवढंच. आपल्याकडे लग्नात अत्तर हाताच्या पाठीवर लावतात आणि पाहुणा तो हात नाकाशी नेतो, ती रीत चांगली आहे.

काका, एक करून बघाल का? वाळ्याऐवजी एक दिवस मोगऱ्याचा किंवा गुलाबाचा थेंब हाताच्या पाठीवर लावा, तुमच्या खात्रीच्या दुकानातला, आणि रात्री झोपताना पुन्हा वास घ्या. चंदन वर आलं तर मला दुकानाचा पत्ता हवाय, इथे नको, ईमेल करा. आणि तुमच्या वाळ्याच्या तेलाला हिरवट झाक आहे का, तेही कळवा. तांब्याच्या देगेतून निघालेल्या रूह खसला (वाळ्याच्या शुद्ध तेलाला) ती येते. रंग घालूनही आणतात म्हणा, पण तुम्हाला कोण फसवणार.