आयबेक्स सौरमालेबाहेर गेलेले नाही

‘नासाच्या आयबेक्स यानाने सौरमालेबाहेर जाऊन ताऱ्यांमधील वायू पकडून आणला’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि खरी हकिकत त्याहून कितीतरी सुरस असल्याने हा खुलासा करावासा वाटतो.

19 ऑक्टोबर 2008 रोजी प्रक्षेपित झालेले आयबेक्स पृथ्वीभोवतीच लांबट कक्षेत फिरते. सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्यातून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताची, सीमा 2012 मध्ये ओलांडली ती व्हॉयेजर 1 या यानाने. आयबेक्सला बाहेर जावे लागत नाही, कारण वायूच आत येतो. विद्युतभार नसलेल्या अणूंना चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही, त्यामुळे आंतरतारकीय हेलियम सेकंदाला सुमारे 26 किलोमीटर वेगाने सौरमालेत शिरून थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. तो विरळ किती, तर लिटरभर जागेत जेमतेम 15 अणू.

‘पकडून आणला’ हेही खरे नाही. आयबेक्स-लो या उपकरणात येणारा अणू हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप दिलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आदळतो. हायड्रोजन तेथे एक इलेक्ट्रॉन घेऊन ऋणभारित होतो आणि मोजला जातो. हेलियमचा टिकाऊ ऋण आयन (ऋणभारित अणू) मात्र बनत नाही, म्हणून त्याच्या धडकेने पृष्ठभागावरून उडालेले हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजनचे आयन मोजून त्याची हजेरी ओळखावी लागते. म्हणजे पाहुणा दिसत नाही, त्याने उडवलेली धूळ दिसते.

ही मोजणी मुख्यतः वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत साधते, कारण तेव्हा सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने धावणारी पृथ्वी हेलियमच्या या झोताला सामोरी जात असते आणि अणूंची धडक जोरदार होते.