गॅरेजमधला फ्रीज थंडीत जास्त गार राहतो? खुलासा

‘हिवाळ्यात गॅरेजमधला फ्रीज उलट जास्त गार राहतो, वीजही वाचते,’ असं ब्रिटन-कॅनडात सर्रास सांगितलं जातं. वीज वाचते, पण फ्रीज गार करणारा कॉम्प्रेसर फारसा चालतच नाही म्हणून! बऱ्याच दोन दारी फ्रीजना एकच थर्मोस्टॅट (तापमान पाहून कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा भाग) असतो, तोही फ्रीजच्या कप्प्यात. गॅरेज ४ अंशांवर आलं की त्याच्या लेखी सगळं गारच. मग कॉम्प्रेसर बंदच राहतो आणि उणे १८ वर असायला हवा तो फ्रीझर हळूहळू तापतो. मटारांचा एकसंध गठ्ठा झाला, की मधे ते वितळले असण्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅटचं बटण फिरवून फारसा फरक पडत नाही. आतल्या पट्टीवरचा हवामान वर्ग बघा: एसएन म्हणजे खोली किमान १० अंश हवी; एन, एसटी, टी म्हणजे १६. गॅरेजसाठी कंपनीने उणे १५ पर्यंत चालेल असं स्पष्ट लिहिलेलाच फ्रीझर घ्या. वितळलेले कच्चे मासे-मटण मात्र पुन्हा गोठवू नका.