टेकू घेणारा नेमबाज कच्चा नसतो

हरणाच्या शिकारीसाठी रायफल कशी धरावी, असा एक मजकूर सध्या आमच्या वाळपईकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: खरा नेमबाज उभ्यानेच मारतो, टेकू घेणारा कच्चा. श्वास जितका कोंडाल तितका नेम पक्का. नेमबाजीच्या रेंजवर शिकलेलं रानात चालत नाही. आणि शेतराखणीचा परवाना असला की गोव्यात भेकर, म्हणजे लहान हरीण, मारायला हरकत नाही. मी मुलांना एअर रायफल शिकवतो, त्यामुळे हे वाचून गप्प राहवेना.

पहिलं विधान साफ उलटं आहे. जिथे शिकारीला परवानगी आहे, त्या देशांत शिकाऱ्याला शिकवतात ते हे: पोटावर झोपता येत असेल तर बसू नका, बसता येत असेल तर उभे राहू नका, टेकू मिळाला तर सोडू नका. उभ्याने हात डुलतो, गोळी पोटात लागते आणि जनावर रानात दूर जाऊन तडफडत मरतं. टेकूलाही रीत आहे. नळी खोडावर ठेवायची नाही. बार उडताना ती उसळते. पुढचा दस्ता, म्हणजे नळीखालचा धरायचा भाग, टेकवायचा आणि त्याखाली टोपी किंवा पिशवी घ्यायची.

गुडघ्यावर बसताना नवखा मुलगा कोपराचं टोक नेमकं गुडघ्याच्या वाटीवर ठेवतो. हाडावर हाड घरंगळतं. कोपर वाटीच्या जरा पुढे सरकवलं की दंडाची सपाट बाजू टेकते आणि रायफल एकदम शांत होते. मग मी त्याला डोळे मिटून दोन श्वास घ्यायला लावतो. डोळे उघडतो तर नेम बाजूला गेलेला! तो हाताने रायफल ओढून आणू बघतो. मी त्याला अख्खं अंग वळवून बसायला सांगतो. स्नायूंनी ओढून धरलेला नेम टिकत नाही.

श्वासाचं थोडक्यात: निम्मा सोडा, थांबा, काही सेकंदांत चाप ओढा. नाही जमलं तर रायफल खाली घ्या. जास्त कोंडलात तर नजर धूसर होते.

वारा, चढउतार, अंतराचा अंदाज हे रेंजवर पुरेसं कळत नाही, हे खरं. पण बैठक तिथेच घडते. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ते गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने, अशा तिन्ही बैठकींच्या स्पर्धेत.

शेवटचं विधान सगळ्यांत घातक. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, आणि त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नही येतो. म्हणजे गोळी चुकली तरी गुन्हा घडलाच. शेतराखणीचा परवाना बंदूक बाळगायचा असतो, जनावर मारायचा नव्हे. मारायला वन्यजीव अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, गवा शिरला की जीव किती जळतो, हे मला ठाऊक आहे. तरीही भेकरावर बंदूक रोखू नका.

नेमाची हौस असेल त्याने दहा मीटरवरच्या कागदापुढे उभं राहावं. एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.