वाड्याबाहेरचे निळूभाऊ

परवा घरच्या ग्रुपवर ते फॉरवर्ड पुन्हा आलं. निळू फुल्यांचा टोपीतला फोटो, वर ‘बाईऽऽ, वाड्यावर या!’ आणि खाली चार ओळी: ‘मराठी सिनेमातला सगळ्यात बेरकी पाटील. आयुष्यभर एकच भूमिका केली. आधी साधा माळी होता, नशिबाने सिनेमात आला. हिंदीत कुणी विचारलं नाही. बायका त्याला बघून रस्ता बदलायच्या, यातच काय ते समजा.’ मामांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे टाकले, आतेभावाने मिमिक्रीची क्लिप. मी आधी गप्प बसलो. मग बसवेना.

माळ्यापासून सुरू करतो, कारण तेवढं खरं आहे. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळी होते. पगार महिना ८० रुपये, आणि त्यातले १० समाजवादी विचारांच्या राष्ट्र सेवा दलाला जायचे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने माळी ठेवला आणि ते दहा रुपये गाळले. नशीब म्हणतात ते त्या दहा रुपयांत होतं. सेवा दलाच्या कलापथकात हा माणूस घडला. तिथे नाटक म्हणजे करमणूक होतीच, पण गावोगाव जाऊन राजकारण समजावून सांगायचं साधनही होतं. १९५७च्या निवडणुकीच्या धामधुमीतला ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग, पुलंच्या ‘पुढारी पाहिजे’मधला रोंगे, मग ‘कथा अकलेच्या कांद्याची’. नावंच बघा. अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा म्हणून ते पडद्यावर आले ते १९६८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तोवर दहाएक वर्षं वगात पुढाऱ्यांची सोलणी करून झाली होती. याला कुणी लॉटरी म्हणत असेल तर म्हणो.

आता ‘एकच भूमिका’. पाटील, सरपंच, सावकार त्यांनी ढिगाने केले, हे मान्य. त्यातले कित्येक सिनेमे मीही पुन्हा बघणार नाही. पण १९७२ साली हाच माणूस रंगभूमीवर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर होता. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या त्या नाटकावर बंदी आली, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा कुठे प्रयोग सुटला. ‘सिंहासन’मध्ये ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. झब्बा, खांद्याला पिशवी, सगळ्यांचं सगळं माहीत असलेला आणि काहीच करू न शकणारा. त्या अख्ख्या सिनेमात सत्ता इतरांकडे आहे, निळूभाऊंकडे फक्त डोळे आहेत. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात तर ते थेट गांधीवादी अप्पाजी. एकच भूमिका म्हणणाऱ्याने यातली कुठली पाहिली, हे कळलं तर बरं.

वाड्याचं वाक्य नेमकं कुठल्या सिनेमातलं, हे फॉरवर्डमध्ये नाही. मी ग्रुपवर विचारलं तर तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली. ते वाक्य आता सिनेमाचं राहिलेलंच नाही. ते स्नेहसंमेलनांचं आणि मिमिक्रीवाल्यांचं झालंय. नाकातून सूर काढायचा, शेवटचा स्वर लांबवायचा, एक भुवई वर, झाले निळू फुले. गंमत अशी की त्यांचा खरा दरारा याच्या उलट्या गोष्टीत आहे. ‘सामना’ काढून बघा. हिंदुराव धोंडे पाटील आवाज चढवतो किती वेळा? कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. ओरडायची गरजच काय! दारू पिऊन पडलेल्या अनोळखी मास्तराला तो उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, ठेवून घेतो. धमकी अशी नाहीच, नुसता पाहुणचार. आणि त्या पाहुणचारानेच अंगावर काटा येतो. मास्तरांनी मारुती कांबळेचं काय झालं म्हणून विचारायला सुरुवात केली की हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं, फक्त डोळ्यांतून उतरतं. समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉक्टर श्रीराम लागूंसारखा नट, आणि तरी निळूभाऊंच्या पापण्यांवरून नजर हटत नाही.

तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला हा सिनेमा १९७५ला बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. तिथल्या परदेशी प्रेक्षकाला धोतर-टोपी काय कळणार? पण हिंदुराव कळला असणार. तो बायकांमागे लागलेला म्हातारा नाही, सहकारात मोठा झालेला सत्ताधीश आहे. निळूभाऊंचे चांगले पाटील हे सगळे राजकारणाचे नमुने आहेत. आपण त्यांतून राजकारण काढलं आणि चावटपणा तेवढा ठेवला, कारण चावटपणावर हसणं सोपं. सभेत पहिल्या रांगेत बसलेल्या कारखान्याच्या चेअरमनलाही मग मिमिक्री ऐकून टाळ्या वाजवता येतात.

हिंदीचं थोडक्यात. ‘कुली’, ‘मशाल’, आणि १९८४चाच ‘सारांश’. त्यातला पुढारी गजानन चित्रे म्हाताऱ्या प्रधान जोडप्याला कसा छळतो, ते आठवत नसेल तर पुन्हा बघा. पुढे १९९१ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो काही वाड्यावर बोलावल्याबद्दल देत नाहीत.

राहिल्या रस्ता बदलणाऱ्या बायका. बदलला असेलही एखादीने; ती नटाला दिलेली दादच. पण ‘यातच काय ते समजा’ हे जे शेपूट जोडलंय, त्याचा मला राग आहे. या माणसाने डॉक्टर लागू, बाबा आढाव यांच्यासोबत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी खस्ता खाल्ल्या, चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग लावून पैसे उभे केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही ते होते. १३ जुलै २००९ला पुण्यात गेले, तोपर्यंत सेवा दलाचेच राहिले.

हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि सोबत ‘सामना’ची लिंक दिली. मामांनी अंगठा दाखवला. आतेभावाने तासाभराने विचारलं, ‘बघतोय. यात वाडा कुठे येतो?’