मिसिंग मारणारी मर्सिडीज आणि डांबरगोळ्यांचा मेसेज

‘जुन्या मर्सिडीज-बीएमडब्ल्यूवाल्यांनो, शोरूमची लूट थांबवा’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. ज्यांना तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नसेल, तर कारण एकच, पेट्रोलमधलं इथेनॉल. तेव्हा टाकीत अर्धा लिटर थिनर आणि चार डांबरगोळ्या टाका. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) ज्या सिलिंडरचा नंबर दाखवेल त्याची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदला, सोबत ठिणगी पाडणारे सहाही प्लग बदला. इंजिनचा दिवा लुकलुकला तर तो सेन्सरचा खोटेपणा आहे, लक्ष देऊ नका, गाडी हायवेला ताणा म्हणजे कार्बन जळून जाईल. तरीही दिवा राहिला तर बॅटरीची तार अर्धा तास काढून ठेवा. सिलिंडर सापडत नसेल तर चालू इंजिनात एकेक कॉइल हाताने उपटून बघा. आणि एवढं करून भागलं नाही तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर साफ करणारा डबा) कापून सरळ पाइप टाका. खाली सही, ‘तीस वर्षांचा अनुभवी मेकॅनिक’. नाव नाही, गाव नाही.

असले मेसेज मी एरवी पुसून टाकतो. हा पुसता आला नाही, कारण रत्नागिरीत आमच्या काकांनी तो वाचला आणि खरा मानला. त्यांच्याकडे २००५ ची मर्सिडीज ई-२४० आहे, मुंबईहून सेकंडहँड आणलेली. पाऊस संपल्यावर ती थांबल्या जागी थरथरायला लागली, चढाला झटके द्यायला लागली. काकांनी मेसेज वाचून कॉइल मागवली, आणि ती येईपर्यंत ‘दिव्याकडे लक्ष देऊ नका’ हा सल्ला पाळत डिसेंबरात लग्नाला म्हणून गाडी कोल्हापूरच्या रस्त्याला घातली. पाली, साखरपा पार पडलं. आंबा घाटाच्या चढाला इंजिनचा दिवा सारखा लुकलुकत होता. वर पोचेपर्यंत गाडीत सडक्या अंड्यांचा वास भरला, तेव्हा त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला काय होतं? गुडघाभर वाळलेलं गवत. काकूंनी आरडाओरडा करून गाडी पुढे डांबरावर घ्यायला लावली म्हणून बरं. खाली वाकून पाहिलं तर कन्व्हर्टरचा डबा लालसर दिसत होता.

म्हणून आधी या दिव्याबद्दल. बाकीच्या सल्ल्यांनी पैसे जातात. या सल्ल्याने माणसं आणि बागा जळू शकतात.

पेट्रोल गाडीच्या इंजिनचा दिवा दोन प्रकारे पेटतो. स्थिर पेटला तर गाडी दाखवून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. लुकलुकला तर याच क्षणी इतकं मिसफायर, म्हणजे मिसिंग, होतंय की कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. हे माझं मत नव्हे. युरोपियन युनियनचा १९९८ चा ९८/६९/ईसी हा निर्देश आहे. युरोपात पेट्रोल गाड्यांना ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स (गाडीने आपले बिघाड आपणच ओळखायची यंत्रणा) सक्तीचं झालं ते त्यामुळेच, २००० सालापासून पुढे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कन्व्हर्टर बिघडण्याइतकं मिसफायर चालू असेल त्या काळात हा दिवा वेगळ्या पद्धतीने, उदाहरणार्थ लुकलुकून, इशारा देईल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नियमाने तर सेकंदाला एकदा लुकलुकायचं, हेही ठरवून दिलंय. जगभरातल्या कंपन्यांनी कायद्याच्या धाकाने हा इशारा गाडीत बसवला, आणि कुणीतरी बिननावाचा माणूस त्याला सेन्सरचा खोटेपणा म्हणतो.

खाली नेमकं काय घडतं तेही समजून घ्या. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच असतो. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा दोन्ही तशीच सायलेन्सरच्या नळीत जातात. कन्व्हर्टरच्या आत जाळीदार सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. उरलासुरला धूर जाळून साफ करणं हेच त्याचं काम, त्यामुळे आलेलं कच्चं पेट्रोल तो आपल्या पोटात जाळतो. तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतं. आतलं सिरॅमिक वितळतं, तुटतं, नळी चोंदते. मग गाडीला पिकअपच राहत नाही आणि लोक म्हणतात इंजिन गेलं. ‘ताणा म्हणजे कार्बन जळेल’ हा सल्ला अशा वेळी पाळला तर दर मिनिटाला कच्च्या पेट्रोलचा मारा वाढतो. गाडी ताणल्याने कार्बन थोडाफार जातो हे धडधाकट इंजिनाबाबत एक वेळ मान्य करीन. मिसिंग मारणाऱ्या इंजिनाला ते लागू नाही.

आणि आपण राहतो कुठे? नोव्हेंबर उलटला की सड्यावरचं गवत पिवळं पडतं, काजूच्या आणि आंब्याच्या बागांना दरवर्षी कुठे ना कुठे वणवा लागतोच. तापलेला कन्व्हर्टर वाळल्या गवतावर उभा करू नका हे गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असतं आणि आपण वाचतो मेसेज. दिवा लुकलुकला तर ॲक्सिलरेटरवरून पाय हलका करा, जवळच्या मोकळ्या, गवत नसलेल्या जागी गाडी घ्या, इंजिन बंद करा. घाटात असाल तर टो करून न्या. टोचे पैसे कन्व्हर्टरच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

आता कॉइलचं. इथे मेसेजवाल्याचं अज्ञान सरळ दिसतं.

काकांच्या गाडीत स्कॅनरने दाखवलेला कोड होता पी०३०४. याचा अर्थ, चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर आढळलं. बस्स. कॉइल गेली असं तो कोड म्हणत नाही. हे कसं कळतं? क्रँकशाफ्टजवळ, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याजवळ, एक सेन्सर त्याच्या फिरण्याचा वेग सतत मोजत असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला ढकल बसते. चौथ्याच्या पाळीला ती बसली नाही की वेग किंचित पडतो आणि कॉम्प्युटर नोंद करतो. ढकल का बसली नाही, ते त्याला माहीत नसतं. ठिणगी नसेल, पेट्रोल नसेल किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नसेल. या तिन्हीतलं काहीही असू शकतं. पी०३०० आला तर मिसफायर एका सिलिंडरला बांधलेलं नाही, तेव्हा शोध सामाईक गोष्टींकडे वळतो: फ्युएल पंप, आत जाणारी हवा मोजणारा एअरमास सेन्सर, हवा आत नेणाऱ्या इनटेकची गळती.

शोधायची रीत साधी आहे आणि फुकट आहे. चौथ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्याला लावा, दुसऱ्याची चौथ्याला. कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच खराब, खुशाल नवी घ्या. पी०३०४ च राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग तसंच प्लगचं करा. पुढे इंजेक्टर मीटरवर तपासा, बहुतेक गाड्यांत बारा ते सोळा ओहम येतो, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचा सारखा यायला हवा. शेवटी कॉम्प्रेशन.

काकांची कॉइल मुंबईहून आली, चौथ्या सिलिंडरला लावली. मिसिंग तसंच. मग आमच्याकडच्या एका तरुण मेकॅनिकने अदलाबदल केली, कोड चौथ्यावरून हलला नाही. त्याने कॉइलकडे येणारा वायरिंगचा सॉकेट काढला आणि टॉर्च मारून मला दाखवला. बाहेरून प्लॅस्टिक नव्यासारखं, आत एका पिनेवर हिरवट पूड धरलेली, आणि तिच्यामागची तार नखाने हलवल्याबरोबर सुटून हातात आली. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुणालाही हे नवं नाही, घरातली मीटरची पेटीसुद्धा अशीच खाल्ली जाते. त्याने नवी पिन तारेवर दाबून बसवली (क्रिंप केली), सॉकेटला ओल रोखणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, मिसिंग गेलं. नवी कॉइल मात्र पडून आहे. इलेक्ट्रिकल पार्ट दुकानदार परत घेत नाही.

कोकणात जुन्या भारी गाड्यांचं हे दुखणं पार्टपेक्षा जोडांमध्ये जास्त असतं असं मी ठामपणे म्हणतो. पिना हिरव्या होतात, अर्थिंगच्या पट्ट्या गंजतात, शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. स्वस्तात जुनी लक्झरी गाडी मिळत असेल तर कार्पेट उचलून खालच्या वायरिंगच्या कोपऱ्यांत चिखल आहे का ते आधी बघा. प्लग काढाल तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सिरॅमिककडे नीट पाहा. त्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर ठिणगी टोकाला न जाता बाहेरूनच पळतेय. पावसाळ्यात, दमट सकाळी मिसिंग आणि दुपारी गाडी ठीक, अशी तक्रार असेल तर आधी ही रेघ शोधा.

आणि ‘सहाही प्लग’! ई-२४० च्या या व्ही-६ इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग आहेत. एकूण बारा. ज्याला प्लग किती हे माहीत नाही, त्याच्या शब्दावर लोक हजारोंचे पार्ट मागवतायत.

इथेनॉलच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे, आणि ते मला मान्य करावं लागेल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला) जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर (२० टक्के इथेनॉलवर) ६ ते ७ टक्के घटतं. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल सोसत नाही हेही खरं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. चाकरमान्यांच्या गाड्या इथे शिमग्यापासून गणपतीपर्यंत अर्ध्या टाकीवर उभ्या राहतात. त्या दमट हवेत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. शंका असेल तर टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर जाताना टाकी भरून ठेवा.

पण अशा पेट्रोलने सहाच्या सहा सिलिंडर रडतील. पेट्रोल सगळ्यांना एकाच रेलमधून, म्हणजे सामाईक नळीतून, जातं. ते निवडून चौथ्यालाच त्रास देणार नाही. आणि पेट्रोलमध्ये दोष असला तरी त्यावर थिनर हा उपाय कसा? थिनर म्हणजे रंग विरघळवणारी रसायनं. ती टाकीतल्या पंपाच्या सील आणि नळ्याही सोडणार नाहीत. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. पेट्रोलमध्ये ती विरघळते, पण पेट्रोल उडून गेलं की तिचे खडे मागे उरतात, आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक असतात. काकांनी डांबरगोळ्या आणून ठेवल्या होत्या. काकूंनी त्या कपाटात साड्यांमध्ये टाकल्या, त्यांची जागा तीच.

चालू इंजिनात कॉइल उपटायचा सल्ला वाचून मला खरोखर संताप आला. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात. झटक्याने हात मागे येतो तो फिरत्या पंख्यात किंवा बेल्टमध्ये. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर चालू इग्निशनवर वाकूच नये. मोकळी राहिलेली कॉइल स्वतः जळू शकते, तिला चालवणारा कॉम्प्युटरमधला भागही जाऊ शकतो, म्हणजे हजारांचं काम लाखावर. चांगल्या स्कॅनरने एकेक सिलिंडरचा इंजेक्टर हात न लावता बंद करता येतो. ज्या सिलिंडरला बंद करून इंजिनात काहीच फरक पडत नाही, तो आजारी.

बॅटरीची तार काढल्याने दिवा विझतो, दुखणं नाही. उलट पुरावा जातो. कोडसोबत कॉम्प्युटर फ्रीज फ्रेम साठवतो: मिसफायर झालं तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती. थंड इंजिनात थांबल्या जागी की गरम इंजिनात चढाला, एवढं कळलं तरी निम्मा शोध संपतो. आधी या नोंदीचा मोबाइलवर फोटो काढा, मग काय पुसायचं ते पुसा.

कन्व्हर्टर कापणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत असे बदल करू देत नाही, आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं. शिवाय मिसफायर कन्व्हर्टरच्या कितीतरी आधी, सिलिंडरमध्ये घडतं. पाइप कापून तिथली ठिणगी परत येत नाही. कन्व्हर्टर वितळून चोंदला असेल तर तो बदलायचाच, पण मिसिंगचं मूळ काढून झाल्यावर. नाहीतर नवाही महिन्याभरात त्याच वाटेने जाईल. काकांचा वाचला का, हे गॅस ॲनालायझरवर (धूर तपासणाऱ्या यंत्रावर) पाहायचं अजून बाकी आहे.