बोळपुराण: फायनल फँटसी तेरा

विषय काढला पक्याने. फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेचा तेरावा भाग त्याने सेलमध्ये पीसीवर घेतला आणि सातव्या प्रकरणात टाकून दिला. "गेम आहे की बोळ? सरळ चाला, हाणामारी करा, व्हिडिओ बघा, परत सरळ चाला. नकाशा उघडला तर पायजम्याची नाडी!"

मन्या या गेमचा बिनफीचा वकील. २००९ च्या डिसेंबरात तो जपानात आला तेव्हापासून लोक हीच तक्रार करताहेत, त्यामुळे त्याची उत्तरं पाठ आहेत. "मग २००१ चा दहावा भाग? तोही सरळच होता की! बेसेड, किलिका, लुका, एकामागून एक. विमान हातात येतं ते अगदी शेवटाकडे. त्याला कुणी बोळ म्हणालं?"

मुद्दा बिनतोड होता. पक्या चहात बघत बसला. रश्मी मात्र टपूनच होती. "आत्ता तूच गावांची नावं घेतलीस ना? तेच म्हणतेय मी. लुकाला पोचलं की माणसं भेटतात, ब्लिट्झबॉल खेळता येतो. तेराव्यात थांबावं असं गावच नाही. दुकानसुद्धा सेव्ह करायच्या जागी, नुसती यादी."

"अगं, फरारी आहेत ते! अख्खं कोकून, म्हणजे त्यांचं जगच, मागे लागलंय. फरारी माणूस बाजारात वांगी निवडत बसेल?"

हे मला पटलं, पण अर्धंच. माझी तक्रार बोळाबद्दल नाहीच मुळी. या गेमचा खेळणाऱ्यावर विश्वास नाही, हे खरं दुखणं. पॅराडाइम, म्हणजे लढताना तिघांच्या भूमिकांची जुळणी, बदलायची सोय तिसऱ्या प्रकरणात मिळते. तोवर चाली आपोआप ठरवणारं ऑटो-बॅटलचं बटण बडवत राहायचं. क्रिस्टेरियमला, म्हणजे पात्रांची ताकद वाढवायच्या तक्त्याला, दर प्रकरणाला कुलूप. आपल्या पसंतीचे तिघे निवडायचे तर नववं-दहावं प्रकरण उजाडतं. आणि गंमत अशी की ती लढाई एकदा हाताला बसली की मालिकेत तिला तोड नाही.

पक्याला हे कुणी समजावलंच नव्हतं. मन्याने ग्लास सरकवून सुरुवात केली. "रॅव्हेजरच्या जादूच्या माऱ्याने शत्रूची चेनची पट्टी भराभर भरते, पण तितकीच भराभर उतरते. कमांडोचा वार पडला की उतरणं मंदावतं. म्हणून आधी कमांडोने हाण, मग दोन्ही रॅव्हेजर सोड. पट्टी भरली की शत्रू स्टॅगर, म्हणजे खिळखिळा. मग त्याला बसणाऱ्या माराची टक्केवारी ९९९ पर्यंत चढव. मध्येच त्याने मोठा फटका उगारला तर पॅराडाइम बदल, मार झेलणारा सेंटिनेल पुढे, बरं करणारा मेडिक मागे, झेल, आणि लगेच परत हल्ला."

"झेलतोय कसला! म्होरकी लायटनिंग पडली की गेम ओव्हर. बाकीचे दोघे धडधाकट उभे! होप मेडिक आहे ना? मग उठव की बाबा तिला!" पक्या उसळला.

"रीट्राय आहे. लढाईच्या अगदी तोंडाशी परत सोडतात. शिवाय प्रत्येक लढाईनंतर तब्येत आपोआप पूर्ण."

"ही मलमपट्टी झाली," रश्मी म्हणाली. "नियम मूर्खच आहे." यावर मन्यालाही बोलता आलं नाही.

मासाशी हामाउझूच्या संगीतावर दुमत नव्हतं, ते एका वाक्यात उरकलं. गोष्टीवर मात्र पुन्हा जुंपली. फालसी (देवासारखे यंत्रजीव), लसी (त्यांनी कामाला जुंपलेली माणसं), सीथ (ते काम न जमल्याने राक्षस झालेले लसी) हे शब्द सुरुवातीलाच तोंडावर फेकतात आणि अर्थ हवा तर डेटालॉग चाळत बसा. ज्याला व्हिडिओत दाखवता येतं त्याने टिपणं वाचायला लावावी, हा माझ्या मते शुद्ध आळस.

"पण साझ?" मन्या कळवळून म्हणाला. "केसात चोकोबो पक्ष्याचं पिल्लू घेऊन फिरणारा, पोराच्या काळजीने पोखरलेला बाप. आठव्या प्रकरणात नॉटिलसमध्ये त्याच्या हातात पिस्तूल, समोर सोबतीण वनील, आणि..."

"गप!" रश्मीने त्याचं तोंड दाबलं. "पक्या सातव्यात आहे."

"होतो," पक्या म्हणाला. "चांगला प्रसंग आठव्यात, मोकळं रान अकराव्यात. पगार काय निवृत्तीनंतर देणार?" थोडा वेळ त्याने ग्लास फिरवला. सेव्ह फाइल त्याने उडवली नव्हती, हे आम्हाला तिथेच कळलं. "बरं, त्या मोकळ्या रानात, ग्रान पल्सवर तरी एखादं गाव आहे का?"

"आहे की. ओअर्बा."

"हो," रश्मी म्हणाली, "आणि त्यात एकही माणूस नाही. सगळे सीथ."